डाव्या द्रोणातल्या कळ्या

"डावो!" गाभाऱ्यातून सोमा गुरवाचा आवाज आला आणि सभामंडपातली दीडशे माणसं एकदम चुळबुळली.

मला काहीच दिसलं नव्हतं. आंबेखोलच्या रवळनाथाच्या देवळात बायकांनी मधल्या दोन खांबांच्या पुढे जायचं नाही, अशी रीत होती. बायका बसायच्या बाजूच्या पडवीत. तिथून गाभाऱ्याच्या दाराची नुसती चौकट दिसते, आतला देव दिसत नाही. त्यामुळे माझ्या कामाचा निकाल लागला, तो मला फक्त ऐकू आला.

काम होतं नव्या देवळाचं. जुनं देऊळ वाळवीने पोखरलं होतं, गावाला नवं बांधायचं होतं आणि त्याचा आराखडा मी केला होता. गावचे मुख्य मानकरी दाजी धुरी यांना तो पसंत होता, निदान तोंडावर तरी. पण आंबेखोलात कुणाच्या पसंतीला अर्थ नसतो. शेवटचा शब्द देवाचा. देवाच्या पाषाणावर डावीकडे पाच आणि उजवीकडे पाच अशा पिटकोळीच्या ओल्या कळ्या गुरवाने चिकटवायच्या, मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कौल तीनदा लावता येतो; एकदा जरी उजवा आला तर काम मंजूर, तिन्ही वेळा डावा आला तर तो विषय पुन्हा काढायचा नाही.

त्या दिवशी दुसऱ्यांदा डावा पडला होता.

"बाय, देवाक पसंत नाय तर मी काय करू?" देवळाबाहेर आल्यावर दाजी म्हणाले. "एक कौल रवलो हा. पुढच्या सोमवारी लावया. तोवर गप रव."

गप राहणं हे काही माझ्या रक्तात नव्हतं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. पुण्यातल्या एका मोठ्या ऑफिसात पाच वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने आणि संडास काढून कंटाळले, आणि सावंतवाडीत एका खोलीचं स्वतःचं ऑफिस थाटलं. 'नीरजा सामंत, आर्किटेक्ट' अशी पाटी लावून आठ महिने झाले होते आणि आठ महिन्यांत हे एकच काम आलं होतं. हे गेलं असतं तर पाटी उतरवून पुन्हा पुण्याला जिने काढायला जावं लागलं असतं. वडील फोनवर रोज तेच सुचवत होते.

आणि आराखडा चांगला होता. आज मी माझ्या त्या वेळच्या पुष्कळ गोष्टींवर हसते, पण त्या आराखड्यावर हसत नाही. रंगीत सिमेंटचं शिखर नाही, चकचकीत फरशी नाही. गावच्याच खाणीतला जांभा चिरा, वर उतरतं कौलारू छप्पर, आणि बरोबर देवाच्या डोक्यावर छपरात एक चौकोनी झरोका. गाभाऱ्याच्या तीन बाजूंना भिंतीऐवजी चिऱ्याचीच जाळी. देव अंधारात कोंडायचा कशाला? चारी बाजूंनी वारा यावा, उजेड यावा, आणि पडवीतल्या, अंगणातल्या, कुठल्याही माणसाला तो दिसावा. बायकांनी खांबांच्या पुढे जायचं नाही ना? नका जाऊ. मी देवच मागे आणला होता. या युक्तीवर मी स्वतःच इतकी खूश होते की विचारू नका.

मग कौल डावा का पडत होता? देवावर माझा राग नव्हता. ओल्या कळ्या, कुठली आधी सुकेल त्याला काय नेम? एकदा डावी पडली, हे मी समजू शकत होते. पण दुसऱ्यांदाही डावीच पडली तेव्हा मला देव आठवला नाही, कळ्या चिकटवणारा आठवला.

सोमा गुरव साठीचा, काटकुळा, कमी बोलणारा माणूस होता. देवळाची सेवा त्याच्या घराण्यात चार पिढ्या होती. दुसरा कौल झाल्यावर तो गाभाऱ्यातून बाहेर आला, सगळ्यांशी बोलला आणि माझ्याकडे मात्र न बघता विहिरीकडे गेला. एवढं मला पुरे होतं. संशयाला फार खाऊ लागत नाही.

दोन दिवसांनी त्याला मी माझ्या मॉडेलपाशी पकडला.

देवळाचं मॉडेल मी स्वतः पुठ्ठ्याचं केलं होतं. जाळीचं एकेक भोक पातळ पात्याने कोरलं होतं, त्यात तीन पात्यांचा आणि डाव्या अंगठ्याचा बळी गेला होता. देवाच्या जागी खाच करून ओढ्यातला एक काळा खडा घट्ट बसवला होता, आणि आजूबाजूला करंगळीच्या पेराएवढी बारा कागदी माणसं उभी केली होती. गावाला बघता यावं म्हणून ते देवळाशेजारच्या धर्मशाळेत टेबलावर ठेवलं होतं. मी दुपारी तिथे गेले तर सोमा एकटाच टेबलाशी उकिडवा बसलेला. एक डोळा मिटलेला, दुसरा जाळीला लावलेला, आणि हातात माझ्या कागदी बायकांपैकी एक.

मी खाकरले. तो दचकून उठला.

"बाय, ही जाळी खरीच आसतली?" त्याने विचारलं. "मागसून भिंत घालून बंद तर नाय करतलास?"

"नाही. का?"

"भायर तुळशीकडे बसलेल्या माणसाक आतलो देव दिसतलो?"

आता बघा, किती साधा प्रश्न. पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं तसं माझं झालं होतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: याला जाळीचीच भीती आहे! आज अंधाऱ्या गाभाऱ्यात हा काय करतो ते कुणाला दिसत नाही. उद्या चारी बाजूंनी गाव बघत बसेल. मग कौलाची किल्ली याच्या हातात कशी राहणार?

"सगळं दिसणार," मी ठसक्यात म्हटलं. "देवही दिसेल आणि देवापुढचे हातही दिसतील."

"हातांचा काय बघूचा," तो म्हणाला आणि निघून गेला.

तो गेल्यावर मी माणसं मोजली. अकराच होती. देवळातला पुजारी, आणि पुठ्ठ्यातली कागदाची बाई चोरतो! मला हसूही आलं आणि संतापही आला.

शुक्रवारी आणखी एक गोष्ट घडली. प्रवीण नावाचा एक ठेकेदार होता. त्याच्या मोबाइलमध्ये शिखरांचे चाळीस फोटो होते, गुलाबी, पोपटी, सोनेरी, आणि माझा आराखडा बारगळला तर काम त्याला मिळणार हे उघड गुपित होतं. त्या प्रवीणच्या मोटारसायकलवर मागे सोमा बसलेला मी तिठ्यावर पाहिला. कुडाळच्या दिशेने चालले होते. कुडाळात गुरवाचं काय काम? मी मनातल्या मनात खटला चालवला, साक्षी घेतल्या आणि निकालही देऊन टाकला. आरोपीला विचारायचं तेवढं राहिलं.

सोमवारी सकाळी मी हेरगिरीला गेले. दुसरा शब्द नाही त्याला. कौल अकरा वाजता लागणार होता. मी आठलाच सोमाच्या घरामागच्या गडग्याआड जाऊन उभी राहिले. चिऱ्यांच्या त्या बुटक्या कुंपणावर करवंदीची जाळी माजली होती, तिच्या फटीतून मागचं अंगण दिसत होतं.

सोमाची बायको, आनंदीकाकी, पायरीवर बसली होती. पुढ्यात केळीचं पान, त्यावर लाल कळ्यांचा ढीग आणि दोन रिकामे द्रोण. ती एकेक कळी नाकापाशी नेऊन, बोटांनी चाचपून, देठ खुडून वेगळी ठेवत होती. शेजारी एका वाटीत भोकरं होती. भोकर आमच्या कोकणात सगळ्यांना माहीत. त्याच्या फळातला चीक इतका चिवट की पोरं त्याने पतंग चिकटवतात. आनंदीकाकीने एक भोकर दाबलं, त्याचा चीक बोटावर घेतला आणि एका कळीच्या देठाला लावला. ती कळी एका द्रोणात ठेवली. मग दुसरी.

"पाचच लाव," मागे उभा असलेला सोमा म्हणाला. "जास्ती नको."

"देव बघता," ती हळूच म्हणाली.

"बघूं दे. काय करूचा ता माका करतलो. तुझ्यार येवचा नाय."

माझं काळीज धडधडायला लागलं. भीतीने नव्हे, खोटं कशाला बोलू, आनंदाने. चीक लावलेल्या कळ्या उजव्या बाजूला लावल्या की त्या पडणारच नाहीत. मग काय, डावीच पडणार. माझ्या देवळाचा खून कसा होतोय ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

मी दाजींना एकांतात गाठून सांगू शकले असते. तसं मनात आलंही. पण मला ते पुरणार नव्हतं. दीडशे माणसांपुढे दोनदा माझा पाडाव झाला होता. त्याच दीडशे माणसांपुढे मला जिंकायचं होतं.

अकरा वाजता देऊळ भरलं. सोमा दोन द्रोण दोन हातांत घेऊन गाभाऱ्याच्या दाराशी उभा राहिला. दाजींनी पागोटं सारखं केलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप एका आवाजात म्हणाला.

"आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत. नया देऊळ बांधूचा मनात आसा. तुझी मर्जी आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी, पण सगळ्यांक सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सोमा आत जायला वळला आणि मी पडवीतून उठून सरळ दोन खांबांच्या पुढे गेले.

"थांबा!"

सगळी डोकी माझ्याकडे वळली. मग एकच गलका झाला. "बाय, खांबामागे हो!" दाजी ओरडले. "मागे हो आधी!"

"आधी त्या कळ्या बघा," मी म्हटलं. माझा आवाज चांगलाच चढला होता. "त्यांना भोकराचा चीक लावलाय. सकाळी यांच्या अंगणात मी बघितलंय. दोन्ही कौल असेच घेतलेत यांनी. विचारा त्यांना!"

गलका थांबला. दाजींनी सोमाकडे बघितलं. दाजी पुढे झाले, त्याच्या उजव्या हातातल्या द्रोणातली एक कळी उचलली, बोटांत चोळली आणि टाकून दिली. मग दुसऱ्या द्रोणातली उचलली. ती त्यांच्या बोटाला चिकटली. त्यांनी बोट झटकलं तरी सुटेना.

"ह्यो द्रोण खयच्या बाजूचो?" दाजींनी विचारलं.

सोमा त्या चिकटलेल्या कळीकडे बघत राहिला.

"सोमा, मी विचारतंय."

"डाव्या," सोमा म्हणाला.

मला समजायला वेळ लागला. खरंच सांगते, दीडशे माणसांत सगळ्यांत शेवटी मला समजलं. मी अजून विजयाच्या थाटात उभी होते. तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे, म्हणजे उजवो पडतलो हुतो!" आणि दोन-चार जण हसले.

डाव्या कळ्या चिकटून राहिल्या असत्या. उजवी पडली असती. माझ्या देवळाला होकार मिळाला असता.

करायला गेले काय आणि झालं काय! दाजी आता माझ्याकडे बघत होते, आणि त्यांची नजर मी ओळखली, कारण गेले आठ दिवस मी सोमाकडे तशीच बघत होते.

"बाय," ते म्हणाले, "काय कबूल केलं हुतंस तेका?"

"मी?" मी किंचाळलेच. "मला काय माहीत? मीच तर पकडलं त्यांना!"

हे वाक्य मी उच्चारलं. एवढ्या वर्षांत अनेकदा वाटलं की ते गिळता आलं असतं तर बरं झालं असतं. त्या जागी दुसरं कितीतरी बोलता आलं असतं. निदान 'का केलंत?' असं विचारता आलं असतं. पण मला माझी पाटी आठवली, वडील आठवले, आणि मी माझी कातडी वाचवली.

सोमाने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"तिका काय एक ठावक नाय," तो दाजींना म्हणाला. "तिका कित्याक विचारतास? ह्या माझा एकट्याचा."

"आणि मागचे दोन?"

"ते देवाचे. ते खरे."

"मग ह्या कित्याक केलंस?"

"केलंय. झाला."

दाजींचे डोळे भरून आले होते. दोघं एका वयाचे, एकत्र वाढलेले होते. "चार पिढ्यांचो हात ह्यो," ते म्हणाले. "आजपासून गाभाऱ्याक लागूचो नाय." सोमाच्या चुलतभावाने पुढे येऊन द्रोण घेतले. त्या दिवशी कौल लागला नाही, आणि माझा आराखडा पुन्हा कधी देवापुढे गेला नाही. कपटाने कौल मागितलेलं देऊळ गावाला नको होतं.

मी बाहेर आले. डोळ्यांपुढे ऊन नुसतं तळपत होतं. तुळशीवृंदावनाच्या पायरीवर आनंदीकाकी बसली होती, मांडीवर रिकामं केळीचं पान. ती दर कौलाला तिथेच बसायची म्हणे, आत यायची नाही.

पावलांचा आवाज ऐकून तिने मान वर केली. "कोण? बाय मां?" तिने विचारलं. "खयचो पडलो?"

"कौल लावलाच नाही, काकी."

"कित्याक?"

मी तिच्या शेजारी बसले आणि अर्ध्या तासापूर्वी विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं. "काकी, कळ्यांना चीक का लावलात?"

तिचा चेहरा उतरला. ती पानाची कड दुमडू लागली.

"लगीन करून इलंय तेव्हापासून देवाची फुलां मी काढतंय," ती म्हणाली. "चाळीस वर्सां झाली. रोज. ती देवाक खंय चिकटतत, ता माका कधी बघूक गावला नाय. जत्रेक पालखीत मुखवटो येता, तो बघलंय. पण देव नाय बघलंय. ह्येंनी सांगल्यानी, बाय जाळी बांधतली, तू तुळशीकडे बसलंस तरी देव दिसतलो."

"मग आधीच्या दोन कौलांना चीक का नाही लावला?"

"दोनदा डावो पडलो. तरी ह्ये गप रवले हुते. शुकरवारी कुडाळाक गेले, माझे कागद घेऊन, डोळ्यांच्या डाक्टराकडे. परवीनान गाडयेवरसून न्हेल्यान. डाक्टर म्हणालो, एक वर्स. मगे अंधार." ती माझ्या दिशेने वळली, पण जरा बाजूला बघत. "ह्येंनी जल्मात देवाकडे लबाडी करूक नाय, बाय. तू तेंका वायट म्हणू नको."

सोमा देवळातून आला. "चल घराक," असं बायकोला म्हणाला आणि तिच्या कोपराला धरून तिला उठवलं. मी त्यांना जाताना बघत राहिले. मला माफी मागायची होती. मी मागितली नाही, कारण तोंडच उघडलं नाही.

धर्मशाळेत जाऊन मी मॉडेल न बघताच खोक्यात घातलं, चिकटपट्टीने खोकं बंद केलं आणि संध्याकाळच्या एसटीने निघून आले.

देऊळ प्रवीणने बांधलं. शिखर गुलाबी आणि सोनेरी आहे. गाभाऱ्याला तिन्ही बाजूंनी भक्कम भिंत आहे आणि बायकांसाठी आता स्टीलचा कठडा केलाय. एकदा मालवणला जाताना मी ते गाडीतून पाहिलं. ड्रायव्हरने विचारलं, थांबायचंय का? मी नाही म्हटलं. आनंदीकाकीचं काय झालं ते मी कुणाला विचारलेलं नाही.

माझी पाटी उतरली नाही. हळूहळू कामं मिळत गेली. घरं, एक शाळा, एक वाचनालय. बारा वर्षांनी, म्हणजे गेल्या महिन्यात, ऑफिस मोठ्या जागेत हलवताना माळ्यावरचं ते खोकं खाली आलं. टाकून द्यायच्या आधी एकदा बघावं म्हणून मी ते उघडलं.

पुठ्ठा पिवळा पडला होता. अकरा कागदी माणसं तळाशी गळून पडली होती, माझा डिंक केव्हाच सुकून गेला होता. पण बारावी बाई तिथे होती. चोरीला गेलेली. जाळीच्या बाहेर, तुळशीच्या जागेपाशी. माझी सगळी माणसं उभी होती. हिला कुणीतरी कमरेत आणि गुडघ्यांत हलकेच दुमडून खाली बसवलं होतं. खाली तपकिरी पडलेल्या चिकाचा ठिपका होता. मी नखाने उचलायला गेले तर कागद फाटायला लागला, पण ती सुटली नाही.

मी टेबलाशी उकिडवी बसले, एक डोळा मिटला आणि दुसरा तिच्या डोक्यामागे नेला. एका भोकातून काळा खडा समोर दिसला, पुरा. मग मी जरा डावीकडे सरकून बघितलं, तर खांब आड आला. उजवीकडे सरकले, तरी आड आला. बाहेरून कुठूनही देव दिसेल असं मी गावाला छातीठोकपणे सांगितलं होतं. तुळशीकडून तो दिसायची जागा एकच होती, आणि ती मला ठाऊक नव्हती. सोमाने ती शोधून काढली होती आणि बायकोला तिथे बसवून ठेवलं होतं.